धाकू लक्ष्मण भुवड यांची पेटी

अन्याय झाला तो धाकू लक्ष्मण भुवड यांच्यावर. कधी, तर सहा वर्षांपूर्वीच्या शिमग्यात, देवीची पालखी आमच्या वाडीत नाचत होती त्याच दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळेला. कुठे, तर परळला, भोईवाड्याच्या अंगाला असलेल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत. खोलीचं दार उघडं होतं. हे उघडं दार नीट लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्या दाराचाच आहे.

एरवी मी एवढं लिहिते, खाली मागणी टाकते आणि पत्रक छापायला देते. पण शिमगा आला की नुसतं पत्रक लिहवत नाही. लालबागेत मिरच्या येतात आणि माझं लिहिणं भरकटतं.

फाल्गुन लागला की मसाल्याच्या गल्लीत पोत्यांची तोंडं उघडतात. मिरच्यांचे लाल ढीग, त्यांच्यावर तिरपं पडलेलं ऊन, धण्यांचा हिरवट वास आणि या सगळ्यावर डंकाची धडधड. लोखंडी मुसळं वर जातात, खाली येतात, हवा तिखट होते. माणसं शिंकत बोलतात, शिंकत घासाघीस करतात. आई दरवर्षी तेच घेते, रंगाला बेडगी आणि तिखटाला संकेश्वरी. मी दरवर्षी तेच म्हणते, ‘आई, मास्क लाव.’ आणि ती दरवर्षी तेच ऐकवते, ‘मसाल्याला कुणी तोंड झाकून येतं का? नाक पूस आणि पिशवी धर.’ यंदाही ऐकवलं. यंदाही मी नाक पुसलं आणि पिशवी धरली.

आमच्या मसाल्याचे आता दोन वाटे होतात. एक घोडपदेवला, आमच्या घरी. एक गावाला. पूर्वी तिसरा वाटा असायचा, वर्तमानपत्रात बांधलेला, वरून दोरा गुंडाळलेला. तो बैठकीच्या खोलीत जायचा. आई अजूनही विसरते. तिसरा कागद फाडते, मग त्याच्याकडे बघते आणि घडी घालून पिशवीत ठेवते.

बैठकीची खोली म्हणजे काय, हे हल्ली माझ्या वयाच्या लोकांना सांगावं लागतं. परळ-लालबागेत राहणाऱ्यांनासुद्धा. एका गावाच्या, नाहीतर एका वाडीच्या, माणसांनी मुंबईत मिळून धरलेली खोली. बायकापोरं गावाला, पुरुष इथे गिरणीत. पाळी सुटलेला येऊन आडवा व्हायचा, पाळीला जाणारा उठून निघायचा. वळकटी कधी गार पडत नसे म्हणतात. भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी फळी, फळीला खुंट्या, प्रत्येकाची एक. खुंटीखाली प्रत्येकाची पत्र्याची पेटी. कोपऱ्यात देवीचा फोटो आणि सगळ्यांची मिळून एक पितळी समई. बस. एवढ्याशा खोलीत एक अख्खी वाडी मुंबईला पुरून उरली.

धाकूआबांची खुंटी दारामागची. आबा आमच्या रक्ताचे नाहीत. वाडीतले आहेत, आणि वाडीत सगळ्यांचेच आबा आहेत. उभी जवानी गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात गेली, त्यामुळे अजूनही समोर बसलेल्या माणसाशी पलीकडच्या फुटपाथवर असल्यासारखं बोलतात. गिरणी बंद पडली, मग फोर्टात एका ऑफिसची लिफ्ट चालवली. खोली मात्र सोडली नाही. त्यांची पेटी हिरव्या रंगाची. झाकणावर तांबडी जास्वंद काढलेली, गावच्या पेंटरकडून, जो एरवी एसटी थांब्यांवर गावांची नावं रंगवायचा. त्यामुळे जास्वंदीच्या पाकळ्याही अक्षरांसारख्या सरळसोट. आत डांबरगोळ्या आणि भाजलेल्या काजूचा मिळून असा एक वास, जो मला जगात दुसरीकडे कुठेही मिळालेला नाही. आणि झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात एक खोल पोचा. तो माझ्या बाबांच्या पायाचा. लग्नाआधी बाबा याच खोलीत राहायचे. बल्ब बदलायला पेटीवर चढले आणि पत्रा बसला. आबांनी ती गोष्ट बाबांच्या लग्नात सांगितली, माझ्या बारशाला सांगितली, मी पदवी घेतली त्या दिवशीसुद्धा सांगितली. ‘हिचा बापूस माज्या पेटीवर उभा ऱ्हायला तवा कुटं त्याला उजेड दिसला!’

शिमग्याला गावी निघायची संध्याकाळ त्या खोलीतच व्हायची. बस नाक्यावर उभी, पण आधी सगळ्यांनी खोलीत जमायचं. गॅलरीभर बोचकी, मसाल्याच्या पुड्या, बत्ताशांच्या गाठी, नव्या ढोलाचा चामड्याचा वास. कुणाच्या तरी टोपीला कडक इस्त्री चालू, कुणीतरी ‘माजी चप्पल कुणी घातली?’ म्हणून बोंबलतोय. मग एकदम सगळं शांत. जाणता माणूस समईपुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. बा देवा म्हाराजा, तुझी पोरं मुंबईसनं निघाली हाईत, त्यांची वाट सुखाची कर रे म्हाराजा! आणि सगळी खोली एका दमात, ‘व्हय म्हाराजा!’ तो ‘व्हय’ एवढा मोठा असायचा की जिन्याचा लाकडी कठडा थरथरायचा. मी हात ठेवून बघितलं आहे.

मी हात ठेवून बघितलं, कारण मी बाहेर होते. मुली आणि बायका गॅलरीत. पुरुषांची खोली, आत यायचं नाही. एका वर्षी परीक्षा तोंडावर होती, म्हणून दप्तर गावाला न्यायचं होतं. माझा खांदा भरून आला. मी उंबऱ्याबाहेरून विचारलं,

‘आबा, मला खुंटी का नाही?’

‘तुला कशाला गो खुंटी?’

‘दप्तर टांगायला.’

‘मग टांग माज्या खुंटीवर. पण आत यायचं नाय हां. भायरनं फेक.’

मी फेकलं. खुंटी राहिली बाजूला, दप्तर निघालं थेट समईवर. बाबांनी पुढे झेप घेऊन ते झेललं आणि अख्खी खोली हसली. आबा सगळ्यात मोठ्यानं. ‘आज नाय लागला नेम,’ ते म्हणाले, ‘पण पोरगी फेकणार एक दिवस बराबर!’

त्या खोलीचं मी खोटं कौतुक करणार नाही. ज्या बायकांनी गावाला नांगरापासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं ओढलं, त्यांना त्या खोलीत खुंटी नव्हती, गाऱ्हाण्यात आवाज नव्हता. एकाच वेळी मात्र नियम उलटा व्हायचा. वाडीतली कुणी बाई परळच्या इस्पितळात उपचाराला आली की पुरुष मुकाट वळकट्या उचलून गॅलरीत जायचे आणि खोली तिची व्हायची. माझी थोरली काकी तशी पावसाळाभर राहिली होती. आबा सकाळी दाराबाहेरूनच खाकरून विचारायचे, ‘वहिनी, झोप लागली का?’ आणि उत्तर येईपर्यंत हलायचे नाहीत. काकी बरी होऊन गेली. पुढे कितीतरी वर्षं ती सांगायची की मुंबईत तिला सगळ्यात जास्त काय आवडलं, तर ते खाकरणं.

आता दाराकडे येते. बैठकीच्या खोलीचा पहिला नियम म्हणजे कुलूप लावायचं नाही. कुणी आजारी माणूस घेऊन येईल, कुणी कामधंदा शोधायला येईल, कुणी घरात भांडून येईल. न कळवता येईल. त्याला या शहरात पहिलं काय दिसावं? कुलूप दिसू नये. एवढा साधा विचार. शिमग्याला खोली रिकामी व्हायची, तेव्हासुद्धा दार नुसतं लोटलेलं असायचं. शेजारच्या सुमनमावशी तिन्हीसांजेला समई लावायच्या आणि कुणी आलं तर चहा द्यायच्या. सगळे गावाला गेले तरी सुमनमावशी आहेत, म्हणजे खोली जागी आहे, असा हिशेब होता.

त्या वर्षी चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलेलं होतं. निम्मी बिऱ्हाडं हललीही होती. बैठकीच्या खोलीचं काय, याचं उत्तर मिळत नव्हतं. खोलीत कुटुंब कोणतं, असं टॉवरवाले विचारायचे. वाडी, असं आम्ही सांगायचो. ते कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. ‘सणानंतर बघू,’ असा शब्द मिळाला आणि माणसं शब्दावर विसंबून पालखीला गेली. आपल्याकडे माणसं जातातच. पालखी थांबत नाही.

पालखीच्या दिवशी सकाळी टॉवरवाल्यांची माणसं टेम्पो घेऊन आली. सुमनमावशींनी विचारलं, कुठे नेता रे? ते म्हणाले, म्युझियमला नेतो मावशी, जुन्या वस्तू आहेत, जपून ठेवणार. मावशींना काय वाटलं असेल? अभिमान वाटला. आपल्या शेजाऱ्यांच्या पेट्या म्युझियमला चालल्या! त्यांनी दार ढकलून उघडून दिलं, सांभाळून न्या म्हणाल्या आणि सगळ्यांना चहा पाजला. आलं घालून. आज त्या मुलाकडे डोंबिवलीला असतात. फोन केला की हवापाणी विचारून झाल्यावर मग तेच. ‘मी त्यांना चहा दिला गं.’ मी सांगते, मावशी, तुम्ही दारात आलेल्या माणसाला चहा दिलात, तुमची चूक नाही. ‘पण आलं घातलं होतं गं,’ त्या म्हणतात.

माणसं परत आली तेव्हा भिंतीवर फळीच्या जागी फक्त फिकट पट्टा होता. पावसाच्या आत चाळही गेली.

मग टॉवर झाला. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी बाबांच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. ‘बघा आपलं परळ, अभिमान आहे!’ टॉवरच्या लॉबीत एक हेरिटेज कोपरा केलेला. काचेची मोठी पेटी, तिच्यात आमची फळी, आमची समई आणि हिरवी, जास्वंदीची पेटी. वरून पिवळा दिवा. बाबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि म्हणाले, ‘हा माझा पाय.’ पोचा! दिवा बरोबर पोच्यावर सोडलेला होता. खाली चकचकीत पाटी. ‘एका गिरणी कामगाराची पेटी.’

एका!

मी टॉवरच्या ऑफिसला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. ‘मॅडम, आम्ही तर ते वाचवलं. बेवारस पडलं होतं सगळं. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं.’ मी फोन ठेवला. ज्या गोष्टीसाठी मला ती खोली, तिच्या सगळ्या खोडींसकट, या शहरात सगळ्यात मोठी वाटते, नेमकी तीच गोष्ट पुरावा म्हणून आमच्यापुढे आली होती. कुलूप नाही, सबब मालक नाही. आम्ही दार उघडं ठेवलं ते येणाऱ्यासाठी. त्यांनी अर्थ लावला की आत कुणी नाही. आज आमच्या गावचा माणूस उपचाराला आला, तर इस्पितळाबाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपतो. आणि ज्या खोलीत तो झोपला असता, तिची समई एसीत उभी आहे. विझलेली, पॉलिश केलेली.

मी पत्रक लिहिलं. ‘पेटी परत करा!!!’ आबांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा लावून कागद लांब धरला.

‘ह्या उभ्या काठ्या कसल्या गो एवढ्या?’

‘उद्गारचिन्हं आहेत आबा.’

‘पालखीच्या म्होरं भालदार उभे केल्यावानी दिसतात. काढ दोन.’ मग कागदाची घडी घालत म्हणाले, ‘आन पेटी परत कशाला? ठेवू कुठं? सुनंच्या घरात माजी मलाच जागा नाय. ऱ्हाऊंदे तिथंच, चांगली थंड हवा हाय. फकस्त ते ‘एका’ काढायला सांग. मी काय एक हाय? मी धाकू हाय.’

मी पत्रक बदललं. आता मागणी एवढीच आहे. ‘एका’ काढा, नाव घाला. अजून घातलेलं नाही. ‘फीडबॅक वरती कळवलाय’ असं सांगतात. वरती म्हणजे नेमकं कुठे, हे मजले मोजूनही कळत नाही.

लॉबीत आपल्यासारख्यांना सोडत नाहीत, पण रविवारी सकाळी परळचा हेरिटेज वॉक असतो, तो तिथे थांबतो. मागच्या रविवारी आबांना त्यातच घेऊन गेले. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, कॅमेरे आणि मध्ये आमचे आबा, पांढरी टोपी, हातात पिशवी. गाईड म्हणून एक मुलगी होती, मनापासून बोलणारी. आबांना चालायला त्रास होतोय हे बघून तिनं सगळ्यांना हळू चालायला लावलं. तिच्यावर माझा काही राग नाही. काचेसमोर आल्यावर ती म्हणाली, ही एका अनाम कामगाराची पेटी. आबा म्हणाले, ‘माजी हाय.’ सगळे हसले. प्रेमानं हसले. एक बाई म्हणाल्या, ‘किती छान! खरंच, ही आपल्या सगळ्यांचीच आहे.’ आणि टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं आजोबा भावुक झाले. दोघांनी आबांबरोबर सेल्फी काढला. आबांनी टोपी नीट केली. फोटो म्हटलं की ते टोपी नीट करतातच. 

मी गाईडला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ‘मी यापुढे नाव घेईन,’ ती म्हणाली, ‘पण पाटी त्यांची आहे.’ आणि मग एक चांगली गोष्ट तिनं केली. बाकीच्यांना घेऊन ती बाहेर अंगणात गेली आणि आम्हाला तिथे राहू दिलं.

आबांनी पिशवीतून नारळ काढला. दुसऱ्या दिवशी ते शिमग्याला निघणार होते. निघताना समईपुढे नारळ ठेवायचा असतो, समई काचेत असली म्हणून काय झालं. गार्ड पुढे आला. तरुण, कुडाळकडचा, हे नंतर कळलं. ‘आजोबा, काचेला हात नका लावू हां.’

‘नाय लावत. भायरनंच सांगतो.’

नारळ गुळगुळीत फरशीवर ठरेना. आबांनी टोपी काढली, खाली ठेवली आणि तिच्यात नारळ बसवला. हात जोडले. आवाज नेहमीचाच, पलीकडच्या फुटपाथपर्यंत जाणारा.

‘बा देवा म्हाराजा! खोली ऱ्हायली नाय, फळी काचंत हाय. तरी बी वाडीचा जो कोण मुंबईला येल, त्याला पाठ टेकायला जागा दे रे म्हाराजा!’

शांतता. गाऱ्हाण्यानंतरची ही शांतता भयंकर असते. खोलीत ती कधी उरतच नसे. ‘व्हय’ म्हणायला तिथे मीच होते. मी आजवर कधीच ते म्हटलेलं नव्हतं. आम्हा बायकांकडून कुणी मागितलंच नव्हतं. आणि तेवढ्यात मागून, पोटातून आल्यासारखं,

‘व्हय म्हाराजा!’

गार्ड. त्याचा त्यालाच धक्का बसला. त्यानं आजूबाजूला बघितलं, टोपी सारखी केली. आबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. गाऱ्हाण्याला हुंकार येतोच, अशा खात्रीनं ते पुढे गेले.

‘आन माज्या पेटीला माजं नाव मिळूंदे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ आता आम्ही दोघं होतो. माझा आवाज त्या उंच छताला लागून परत आला, तेव्हा तो मला ओळखू आला नाही. काच मात्र हलली नाही. कठडा लाकडाचा होता, म्हणून थरथरायचा.

‘सवय आहे हो ताई,’ गार्ड मला म्हणाला. ‘तोंडातून निघतंच.’

‘नाव काय सांगशील, कुणी विचारलं तर?’ आबांनी त्याला आपलं पूर्ण नाव सांगून विचारलं.

‘तुमचं सांगेन. धाकू लक्ष्मण भुवड. केव्हाही सांगेन.’ मग त्यानं दरवाज्याकडे बघितलं, जिथून रोज इतकी माणसं ये-जा करतात. ‘पण आबा, विचारत कोण नाय.’

आबा गावाला गेलेत. काल फोन आला, मागे ढोल वाजत होते, काही ऐकू येत नव्हतं, तेच ओरडत होते. पालखी खेळवून खांदा सुजलाय म्हणाले. या वयात! आणि मग, ‘पाटीचं काय झालं?’ मी म्हटलं, बघतेय आबा.

तर बघायचं आहे ते तुम्हाला. रविवारी सकाळी मोकळे असता. त्या वॉकला जा, नाहीतर त्या टॉवरमध्ये तुमचं कुणी ओळखीचं राहत असेल, त्याच्याकडे जा. लॉबीत थांबा. फोटो नंतर काढा. आधी काचेसमोर उभे राहा आणि मोठ्यानं, खालच्या मजल्यापासून ‘वरती’पर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं विचारा, ही पेटी कोणाची? एका गिरणी कामगाराची, असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, कोणत्या? तिथे त्या दिवशी दुसरा गार्ड असेल, त्याला माहीत नसेल, तर तुम्ही सांगा. नाव तुम्हाला आता माहीत आहे. पहिल्याच ओळीत दिलं आहे.